स्विफ्ट डिझेल: टर्बो, अल्टरनेटर आणि एक्सल नवं घ्यायचं की रिकंडिशन?

खंबाटकी_पलीकडे

नमस्कार मंडळी. गाडी २०१३ ची स्विफ्ट व्हीडीआय, १.३ डिझेल, १,४६,००० किमी. सातारा-पुणे जाणं-येणं, म्हणजे खंबाटकी आणि कात्रज कायमचे. तीन कामं एकदम निघाली आहेत.

टर्बो (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा): २,००० आरपीएमच्या पुढे बारीक शिट्टी येते. घाटात तिसऱ्या गिअरवर गाडी ओढत नाही. दाबल्यावर निळसर धूर दिसतो. इंटरकूलरचा (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) खालचा पाइप काढला तर आत तेल आहे.

अल्टरनेटर: रात्री दिवे, एसी, वायपर सगळं चालू असलं की बॅटरीचा दिवा मंद पेटतो. तेव्हा बॅटरीवर १३.१ व्होल्ट मिळतात.

डाव्या बाजूचा एक्सल: स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी काढली की कट-कट आवाज. बाहेरचं रबर बूट फाटलंय.

गॅरेजने टर्बोचे तीन भाव सांगितले: कंपनीचा नवा साधारण २८ हजार, रिकंडिशन १२ हजार, आणि बिनकंपनीचा 'नवाच' १० हजार. अल्टरनेटर आणि एक्सललाही असेच दोन-तीन पर्याय आहेत. नोंदणीची १५ वर्षं २०२८ मध्ये संपतात, तोवर गाडी नक्की ठेवायची आहे, पुढचं फिटनेसच्या वेळी बघू. कुठे नवंच घ्यावं, कुठे रिकंडिशन चालेल, आणि रिकंडिशन घेताना काय विचारावं?

वंगण

टर्बोबद्दल लिहितो. पैसे इथेच जास्त जातात आणि फसवणूकही इथेच जास्त होते.

आधी टर्बो खरंच गेलाय का ते बघा. शिट्टी फाटलेल्या होजचीही येते. इंटरकूलरचे रबरी होज क्लॅम्पच्या कडेला चिरतात. चीर गाडी उभी असताना दिसत नाही, दाब आला की उघडते. होज काढून हाताने वाकवून चारही बाजूंनी बघा. चिरलेला होज असेल तर ओढ कमी, काळा धूर आणि शिट्टी असं एकत्र दिसतं. तुमच्याकडे धूर निळसर आहे, म्हणजे तेल जळतंय, म्हणून टर्बोवर संशय जास्त आहे. तरीही होज बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग इंजिन थंड असताना एअर फिल्टरकडून येणारा पाइप काढा. आत अॅल्युमिनियमचा छोटा पंखा दिसेल. मधला नट दोन बोटांत धरून आडवा हलवा. थोडा हलणारच, कारण आतला बुश (शाफ्टभोवतीची धातूची बांगडी) तेलाच्या थरावर तरंगतो आणि बंद गाडीत तो थर नसतो. 'हलतोय म्हणजे गेला' हे खरं नाही. बघायचं ते एवढंच, की आडवा दाबून फिरवताना पंख्याची पाती केसिंगला घासतात का. मग तोच नट आत-बाहेर ओढून बघा. या दिशेचा प्ले बोटाला जवळजवळ जाणवता कामा नये. जाणवला तर थ्रस्ट बेअरिंग संपलंय. पात्यांची टोकं खाल्लेली दिसली तर धूळ किंवा काहीतरी कठीण आत गेलंय, एअर फिल्टरचा डबा नीट बसतोय का तपासा.

पाइपात तेलाचा ओलावा असणं हे ब्रीदरमुळे (इंजिनातली तेलकट वाफ सोडणारी नळी) नेहमीचं आहे. पाइप उलटा केल्यावर धार लागली तर ते नेहमीचं नाही.

आता पर्याय. 'रिकंडिशन' या एका शब्दाखाली बाजारात तीन वेगळ्या गोष्टी विकतात. पहिली म्हणजे टर्बो बनवणाऱ्या कंपनीने किंवा तिच्या अधिकृत दुकानाने जुना घेऊन, सगळे झिजणारे भाग नवे टाकून, तपासून दिलेला. याला रिमॅन म्हणतात आणि तो नव्याच्या तोडीचा असतो. दुसरी म्हणजे तुमचीच दोन्ही केसिंगं ठेवून मधला कार्ट्रिज, म्हणजे शाफ्ट, दोन्ही पंखे, बेअरिंग हाउसिंग, अख्खा नवा टाकणं. कार्ट्रिज चांगल्या कंपनीचा असेल तर हे उत्तम काम. तिसरी म्हणजे जुन्याच शाफ्टवर किट, म्हणजे बुश, थ्रस्ट आणि रिंगा बदलणं. शाफ्ट झिजलेला असेल तर तो लेथवर घासून अंडरसाइज बुश टाकतात. हे तिसरं काम घेऊ नका.

कारण असं. हा टर्बो मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो. शाफ्टला किंचित फरक पडला तरी तेलाचा थर तुटतो आणि धातू धातूला लागतो. म्हणून जोडलेला कार्ट्रिज वेगात फिरवून बॅलन्स करावा लागतो आणि त्याचा छापील रिपोर्ट निघतो. दुकानदाराला थेट विचारा: 'शाफ्ट नवा की जुना? बॅलन्सिंगचा रिपोर्ट मिळेल का?' रिपोर्टवरचा नंबर आणि कार्ट्रिजवरचा नंबर जुळला पाहिजे. रिपोर्ट नसेल तर बाकी बोलणं वाढवू नका.

१० हजारांचा 'नवा' माझ्या मते सगळ्यात वाईट सौदा. तुमच्या जुन्या ओरिजिनल केसिंगचं ओतकाम त्याच्यापेक्षा कितीतरी चांगलं असतं. मात्र जुनी केसिंग वापरताना गरम बाजूची, वेस्टगेटच्या (जास्तीचा धूर बाजूने सोडून दाब मर्यादेत ठेवणारी वाट) झडपेभोवतीची जागा चमकवून तडा आहे का बघायला लावा. तिथेच तडे जातात.

तुमच्या ७५ पीएसच्या इंजिनात साधा, वेस्टगेटवाला टर्बो आहे, ही तुमची जमेची बाजू. अर्टिगा किंवा सियाझच्या ९० पीएसमध्ये व्हेरिएबल टर्बो असतो. त्यातल्या हलत्या पात्या काजळीने अडकतात, आणि त्यांचं सेटिंग फ्लो मशीनशिवाय होत नाही. त्या गाड्यांना कंपनीचा रिमॅन किंवा नवाच.

टर्बो आपणहून क्वचित मरतो, त्याला तेल न मिळाल्याने तो मरतो. कारण तसंच ठेवून नवा बसवला तर तोही जाणार, मग तो २८ हजारांचा असो की १२. म्हणून ही कामं सोबत करा:

टर्बोला तेल पोचवणारा बारीक पाइप नवाच टाका. आत कार्बन धरून भोक बारीक होतं, फुंकून साफ होत नाही. त्याच्या बँजो बोल्टमध्ये (तेल जाणारा पोकळ बोल्ट) जाळी असेल तर तीही बदला. तेल परत जाणारा पाइप सरळ खाली उतरतोय ना, कुठे दबला नाही ना, ते बघा. तो तुंबला तर चांगल्या टर्बोमधूनही तेल गळतं. ऑइल चेंबर उतरवून आतली जाळी बघा, तेल उशिरा बदललेल्या गाड्यांत तिच्यावर काळी साय धरते. तेल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर नवे.

इंटरकूलर आणि सगळे पाइप काढून धुऊन पूर्ण कोरडे करा. हे काम गॅरेजवाले टाळतात. आत पाव लिटर तेल राहिलं तर इंजिन तेच इंधन म्हणून ओढतं, आरपीएम चढत जातात आणि चावी बंद करूनही गाडी थांबत नाही. तसं झालंच तर ब्रेक पूर्ण दाबून, वरचा गिअर टाकून, क्लच सोडून इंजिन बंद पाडायचं.

बसवताना तेलाच्या तोंडाशी सिलिकॉन अजिबात नको, त्याचा तुकडा सुटून बुशच्या भोकात बसतो. गॅस्केट आणि तांब्याचे वॉशर नवे. तेलाच्या तोंडातून स्वच्छ इंजिन ऑइल ओता आणि पंखा हाताने फिरवा. डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरचे कनेक्टर काढून ठेवा, म्हणजे गाडी चालू होणार नाही, आणि दहा-दहा सेकंद, मध्ये थांबत, सेल मारा. ऑइल प्रेशरचा दिवा विझला की कनेक्टर लावून गाडी चालू करा. चार-पाच मिनिटं आयडलवर ठेवा, रेस देऊ नका.

कटआउट

अल्टरनेटरचं उत्तर उलट आहे. तुमचा मूळ अल्टरनेटर असेल तर तोच उघडून दुरुस्त करा. एक्सचेंजमध्ये देऊ नका आणि स्वस्तातला नवाही घेऊ नका.

पण त्याआधी मल्टिमीटर. १३.१ व्होल्ट बॅटरीवर आहेत, अल्टरनेटरवर किती आहेत? इंजिन २,००० आरपीएमवर, दिवे, ब्लोअर, मागच्या काचेचा डिफॉगर सगळं चालू. मीटरची लाल तार अल्टरनेटरच्या जाड बोल्टवर, काळी बॅटरीच्या प्लसवर. ०.२ व्होल्टपर्यंत ठीक, ०.५ म्हणजे केबल किंवा लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) सडलाय. मग इंजिनच्या उघड्या धातूपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजा. तिथेही ०.२ च्या वर गेलं तर अर्थिंगची पट्टी साफ करा किंवा बदला. हे न मोजता अल्टरनेटर बदलला की नव्यावरही दिवा पेटतो आणि मग दुकानदाराशी भांडण होतं. बेल्ट ढिला किंवा चकाकलेला असेल तर तोही आधी.

केबल ठीक निघाली तर अल्टरनेटर उतरवा. आतले झिजणारे भाग मोजकेच: कार्बन (ब्रश), ते घासतात त्या स्लिप रिंग, दोन बेअरिंग, कटआउट (व्होल्टेज ताब्यात ठेवणारा रेग्युलेटर), डायोडची प्लेट. स्टेटरची, म्हणजे न फिरणाऱ्या भागाची, तांब्याची वायर सगळीकडे एकसारखी तपकिरी असेल तर ती उत्तम आहे. एका बाजूला काळी पडून जळका वास येत असेल तर तो स्टेटर नको. हाताने रिवाइंड केलेलाही नको, ती गुंडाळी ढिली राहते आणि उष्णतेत बसते. रोटरच्या, म्हणजे फिरणाऱ्या भागाच्या, दोन स्लिप रिंगांमध्ये साधारण २ ते ४ ओहम यावेत, रिंग आणि शाफ्टमध्ये काहीच कंटिन्युइटी येऊ नये. रिंगेवर नखाला लागेल अशी खाच असेल तर रिंग बदला, नुसत्या पॉलिश पेपरने भागत नाही.

बेअरिंगच्या बाबतीत पैसे वाचवू नका. अल्टरनेटरला जास्त उष्णतेचं ग्रीस भरलेलं सीलबंद बेअरिंग लागतं. साधं बेअरिंग आकाराने बसतं, पण काही महिन्यांत घरघरतं. दाबताना जोर फक्त आतल्या रेसवर, हातोडीने बाहेरच्या रेसवर ठोकलं की बेअरिंग बसवतानाच खराब होतं.

पुली एका दिशेला मोकळी फिरणारी असेल तर तशीच नवी टाका. साधी घट्ट पुली बसवली की बेल्ट फडफडतो आणि टेन्शनर लवकर जातो.

जोडल्यावर बेंचवर लोड देऊन अँपिअर बघा, नुसते व्होल्ट नाही. एक डायोड गेलेला अल्टरनेटरही लोडशिवाय १४ दाखवतो. गाडीवर बसवल्यावर सगळं चालू ठेवून १३.८ ते १४.४ मिळायला हवेत. मग मीटर एसीवर टाकून बॅटरीवर मोजा. ०.५ व्होल्टच्या वर एसी दिसला तर डायोड संशयास्पद.

बॅटरी आधी चार्जरवर पूर्ण भरा. मेलेली बॅटरी भरायला लावली की ताजा अल्टरनेटर तासभर पूर्ण ताकदीने तापत राहतो. आणि चालू गाडीत बॅटरीची वायर काढून 'चार्जिंग येतंय का' बघणारा माणूस दिसला तर त्याला तिथेच थांबवा. त्या क्षणी व्होल्टेज उसळतं, त्यात कटआउट जातो, कधी ईसीएमही (इंजिनचा कॉम्प्युटर).

उद्यमनगर

कटआउट यांनी लिहिलंय त्यात एक भर. हा धागा इंडिका किंवा बोलेरोवाले वाचत असतील तर त्यांच्या अल्टरनेटरच्या मागे ब्रेकचा व्हॅक्यूम पंप असतो. तिथे दुरुस्ती करताना पंपाचं ऑइल सील आणि पात्या बघितल्याच पाहिजेत. सील गळलं की तेल कार्बनवर जातं, पंप कमी पडला की ब्रेकचं पेडल दगडासारखं होतं. स्विफ्टमध्ये पंप इंजिनवर वेगळा आहे, ती काळजी नाही.

आता एक्सल. रिकंडिशन एक्सलमध्ये बहुतेक वेळा बाहेरच्या जॉइंटच्या जुन्या कपाची आतली घळ, जिच्यात लोखंडी गोळ्या फिरतात, ती ग्राइंड करून मोठ्या मापाच्या गोळ्या टाकतात. त्या घळीचा कठीण थर फार जाड नसतो. ग्राइंडिंगमध्ये तो निघून गेला की खाली मऊ लोखंड राहतं आणि वर्षाच्या आत तोच आवाज परत येतो. म्हणून रिकंडिशन नको. पण अख्खा नवा एक्सलही लागत नाही. तुमचा मूळ शाफ्ट सरळ असेल, आतला जॉइंट मोकळा फिरत असेल, तर फक्त बाहेरचा जॉइंट चांगल्या कंपनीचा नवा घ्या. त्यासोबत बूट, क्लॅम्प, सर्क्लिप आणि ग्रीसची पुडी येते.

नुसतं बूट बदलून भागेल का, असं कोणी म्हणेल. आवाज सुरू झालाय म्हणजे घळीत खड्डे पडलेत, ग्रीस भरून ते भरत नाहीत. आवाज यायच्या आधी फाटकं बूट दिसलं असतं तर भागलं असतं.

बसवताना: पुडीतलं सगळं ग्रीस वापरा, त्यातलं निम्म्याहून जास्त गोळ्यांमध्ये दाबून, उरलेलं बुटात. एबीएसची गाडी असेल तर नव्या जॉइंटवर दात्यांची रिंग आहे ना आणि दाते जुन्याइतकेच आहेत ना, मोजून घ्या. कमी-जास्त निघाले तर एबीएसचा दिवा जाणार नाही. हब नट नवा. तो मॅन्युअलच्या टॉर्कला आवळून मगच गाडीचं वजन चाकावर टाका, नाहीतर चाकाचं बेअरिंग खराब होतं. एक्सल गिअरबॉक्समधून काढताना तिथलं सीलही बदलून घ्या, मजुरी तीच, आणि गेलेलं गिअर ऑइल भरून लेव्हल बघा.

खंबाटकी_पलीकडे

फार मोलाचं सांगितलंत सगळ्यांनी. दोन प्रश्न अजून. गॅरेजवाला म्हणतो, टर्बो काढतोच आहे तर चारही इंजेक्टर रिकंडिशन करून टाकू. आणि जुना माल दुकानात ठेवून दुसरा तयार माल घ्यायचा की आपलाच दुरुस्त करून घ्यायचा? नाना पेठेत दोन्ही प्रकार मिळतात असं ऐकलं.

वंगण

इंजेक्टर आत्ता नको. गाडी सकाळी पहिल्या सेलला लागते ना? आयडल सरळ आहे ना? मग फक्त परतीच्या डिझेलची चाचणी करा. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला सारख्या मापाच्या चार बाटल्या लावून दोन-तीन मिनिटं इंजिन आयडलवर चालवायचं. चारही पातळ्या जवळपास सारख्या हव्यात. एखादीत दुप्पट डिझेल आलं तर तो एकच इंजेक्टर बेंचवर पाठवा.

इंजेक्टर रिकंडिशन चालतो, पण नॉझल आणि व्हॉल्व्ह सेट मूळ बनवणाऱ्याचाच हवा आणि आयडल, मधला लोड, पूर्ण लोड असा प्रत्येक टप्प्याचा टेस्ट रिपोर्ट हवा. डोक्यावर कोरलेला कोड स्कॅनरने ईसीएममध्ये घालावा लागतो. तांब्याचा वॉशर प्रत्येक वेळी नवा, आणि त्याची बसायची जागा ब्रशने साफ करून मगच. तिथे काजळी राहिली की गॅस वर येतो आणि इंजेक्टरभोवती काळा डांबरासारखा थर जमतो.

कटआउट

जुना माल बदलून घेण्याबद्दल: कंपनीचा छापील रिमॅन असेल तर एक्सचेंज बिनधास्त करा. दुकानातल्या तयार मालाला माझा विरोध आहे, कारण तो कुठल्या गाडीचा, किती पाण्यात बुडालेला, हे कोणालाच माहीत नसतं. पुराच्या पाण्यातले अल्टरनेटर आणि स्टार्टर रंगवून याच वाटेने परत येतात. चंदेरी रंग मारलेली अॅल्युमिनियमची बॉडी दिसली तर नको म्हणा. चांगलं काम करणारा धुतो, रंगवत नाही. बोल्टच्या भोकात आणि फिन्सच्या मधल्या सांदीत पांढरी पावडर दिसली तर ते पाणी खाल्लेलं आहे.

आपलाच द्यायचा असेल तर देण्याआधी बॉडीवर आतल्या बाजूला पंचने खूण करा आणि सिरियल नंबरचा फोटो काढा. काढलेले जुने भाग, म्हणजे बेअरिंग, कार्बन, प्लेट, परत मागा. पक्कं बिल घ्या, त्यावर काय काय बदललं ते आणि मुदत लिहून घ्या. पार्ट बिघडला तर तो परत काढण्या-बसवण्याची मजुरी कोण देणार, हेही आधीच ठरवा. टर्बोच्या बाबतीत ही मजुरीच मोठी असते.

आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा कुठेही भंगारातून काढलेला माल हा 'जुना' आहे, रिकंडिशन नव्हे. दार, आरसा, दिवा, सीटचं रेल तिथून खुशाल घ्या.

उद्यमनगर

यादी विचारलेली नाही, तरी काळजीपोटी लिहितो. हे कधीच जुनं किंवा रिकंडिशन घेऊ नका: एअरबॅग आणि सीटबेल्टचा ओढणारा रोल, ब्रेकचा मास्टर सिलिंडर, टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, लायनिंग मारलेली क्लच प्लेट, वॉटर पंप. कॅलिपर मात्र रिकंडिशन चालतो, अट एवढीच की पिस्टनला गंजाचे खड्डे असतील तर पिस्टन नवा आणि रबर किट नवी. ती रबरं डिझेल-पेट्रोलने धुऊ देऊ नका, फुगतात आणि ब्रेक धरून राहतो. ब्रेक ऑइलनेच धुवायची.

खंबाटकी_पलीकडे

मोजून आलो. टर्बोचा पंखा आत-बाहेर स्पष्ट हलतोय आणि आडवा दाबला की केसिंगला घासतो. होज चारही शाबूत आहेत. अल्टरनेटरच्या बोल्टवर सगळं चालू असताना १४.० आणि बॅटरीवर १३.१. प्लसच्या बाजूला ०.७ पडतोय, अर्थिंगला ०.२.

कटआउट

मग अल्टरनेटरला हात लावू नका. ०.७ त्या एका केबलमध्ये जातोय. अल्टरनेटरकडचा लग काढून बघा, इन्सुलेशनच्या आत तांबं हिरवं किंवा काळं पडलेलं असेल. नुसता लग कापून नवा लावताना काळं तांबं आत राहतं, त्यामुळे चमकदार तांबं लागेपर्यंत कापा. लांबी पुरत नसेल तर पूर्ण केबल त्याच जाडीची नवी. लग हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्या, हातोडीने चेपून नाही. मधल्या फ्यूज लिंकचे (केबलच्या वाटेतला मोठा फ्यूज) दोन्ही नटही साफ करून आवळा. मग परत तीच दोन मापं घ्या आणि इथे टाका.

वंगण

टर्बो गेलाय, त्यात शंका नाही. तुमच्या केसिंगमध्ये नवा कार्ट्रिज, बॅलन्सिंग रिपोर्टसह. पण पंखा केसिंगला घासलाय, म्हणजे थंड बाजूच्या केसिंगच्या आत ओरखडे असतील. बोट फिरवून बघा. हलके ओरखडे चालतात, नख अडकेल अशी पायरी पडली असेल तर ते केसिंगही बदला, नाहीतर नव्या पंख्याला मोकळी फट जास्त राहते आणि दाब नीट बनत नाही. घासलेल्या अॅल्युमिनियमचा बारीक चुरा इंटरकूलरमध्ये गेलेला असणार. धुताना पहिलं पाणी पांढऱ्या फडक्यातून गाळा. चमचम दिसायची पूर्ण थांबेपर्यंत धूत राहा.